होडीवाल्याची दुसरी खुर्ची

आमच्या देवासच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर एक स्टीलची ताटली सहा महिने पालथी पडून होती. ती आमची नव्हती. ज्यांची होती त्या समोरच्याच ओळीत राहत होत्या, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. तरी ती परत जात नव्हती, आणि का जात नव्हती हे सांगायचं तर दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल.

ऐंशी सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. वडील कारखान्यात स्टोअरमध्ये होते. वसाहतीत मराठी घरं बरीच. कुणी नागपूरकडची, कुणी खानदेशातली, सगळी कारखान्याच्या नोकरीपायी आलेली. आम्ही त्यातले जुने. आईचं माहेर धारचं, तिचे वडील संस्थानी अमलात दरबारात होते, त्यामुळे आईची मराठी वसाहतीत सगळ्यात जुनी आणि नाक सगळ्यात वर. मी हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलायचे धडाधड, पण वाचायला बसले की अक्षराला अक्षर लावत बसावं लागे. आई म्हणायची, "तुझं वाचन म्हणजे लंगडी घोडी."

त्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला समोरच्या क्वार्टरमध्ये औरंगाबादेहून एक जोडपं आलं. तो कारखान्यात सुपरवायझर, आणि त्या इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या. मी त्यांना काकू म्हणायचे. आई तर त्यांच्यावर खूश झाली होती. "किती स्वच्छ बोलते गे ती," असं चार घरी सांगून आली. त्यांचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, आणि अशा आडनावावरून काही कळत नाही. आईने विचारलंही नाही. इतकं स्वच्छ बोलणारी बाई आपल्यातलीच असणार, असं तिने धरून टाकलं.

दिवाळीत आमच्याकडे फराळाची ताटं घरोघर जायची. वरून क्रोशाचा रुमाल घालून ताट न्यायचं आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, काहीतरी घालूनच द्यायचं. निदान साखर तरी. हा नियम आईने कधी मोडल्याचं मी पाहिलं नाही. काकूंनी पाडव्याच्या सकाळी स्वतः ताटली आणून दिली. त्यात चकल्या होत्या. आता आमच्या घरात चकली हा नाजूक विषय. आईचे लाडू, अनारसे नाव घेण्यासारखे, पण चकल्या दर वर्षी मऊ पडायच्या आणि वडील दर वर्षी तोच विनोद करायचे. आईने काकूंची एक चकली तोडली. कट्‌ असा आवाज झाला. ती उभ्या उभ्या अख्खी खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि म्हणाली, "हात आहे बाई हिला."

मग लाडू भरून परत द्यायला तिने चकल्या डब्यात काढल्या आणि ताटली पुसताना उलटी केली. मागे नाव घातलं होतं, जसं लग्नातल्या भांड्यांवर घालतात. मुलीचं नाव, आणि खाली 'वडिलांकडून भेट' म्हणून वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

ते आडनाव आईने वाचलं. मीही वाचलं, माझ्या लंगड्या घोडीवरून. आईच्या चेहऱ्यावरचा तो बदल मला आजही दिसतो. राग नव्हता तो. जिना उतरताना एक पायरी कमी निघाली तर माणूस जसा दचकतो, तशी ती दचकली. डब्यातल्या चकल्या गायीला गेल्या. ताटली घासली, दोनदा घासली, आणि मग आई ती हातात धरून उभी राहिली. रिकामी परत करायची तर रीत मोडते. भरून द्यायची तर येणं-जाणं सुरू राहतं. फेकून द्यायची तर दुसऱ्याची वस्तू. शेवटी तिने स्टुलावर चढून ती वरच्या फळीवर पालथी घातली.

शेजारच्या बाईंना आईने हे सांगितलं ते 'कुणाला सांगू नका' म्हणून. तुळशीच्या लग्नापर्यंत अख्ख्या वसाहतीला ठाऊक झालं होतं. आईने सांगताना एक दुरुस्ती केली होती: "मी तोंडात घातली नाही हो, नशीब म्हणायचं." दोन चकल्यांची साक्षीदार मी एकटीच होते, आणि मी गप्प बसले.

काकूंच्या फाटकावर 'इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या जातील' अशी मराठी-हिंदीत रंगवलेली पाटी होती. एकही मूल गेलं नाही. मंगळवारच्या भजनाला त्या दोनदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या नाहीत. कुणी वाईट शब्द बोललं नाही. बायका त्यांना पाहून हसायच्यासुद्धा. फक्त पुढे काही होत नसे.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हौसेने इंग्रजी साहित्य घेऊन बसले होते. आमच्या पेपरला अमेरिकेतली एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. सर वर्गात नोट्स सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि बाकीचं काम बस स्टँडजवळ मिळणाऱ्या कुंजीवर, म्हणजे हिंदी गाइडवर. कुंजीत लिहिलं होतं की या उपन्यासात अकेलापन आणि भेदभाव यांचं मार्मिक चित्रण आहे. ते मी पाठ केलं होतं. कादंबरीची पहिली चार पानं मात्र चार दिवसांत संपेनात. नापास झाले तर वडील शिक्षण थांबवून स्थळं बघणार होते, हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा एका दुपारी, आई झोपली असताना, मी पुस्तक पदराआड घेऊन रस्ता ओलांडला.

काकूंनी दार उघडलं, मला बसायला खुर्ची दिली, पाणी आणलं. मी म्हणाले, "नको, प्यास नाहीये." डिसेंबरातली दुपार होती, पण घसा माझा कोरडा पडला होता. त्यांनी पेला मुकाट्याने आत नेला. पुढे महिनाभर मी जात राहिले, पण त्यांनी पाणी पुन्हा विचारलं नाही. मी आईला हसते, म्हणून हे लिहून ठेवायला हवं.

पुस्तक त्या इंग्रजीत वाचायच्या आणि वाक्य संपलं की तेच मराठीत सांगायच्या, इतक्या सहज, की थोड्या वेळाने मला वाटायचं ते मराठीतच लिहिलंय. एका रुंद नदीकाठची लाकडाच्या वखारीची वस्ती. तिथे एक काळा होडीवाला. पलीकडे जायचं तर दुसरी वाट नाही, त्यामुळे झाडून सगळी माणसं रोज त्याच्या होडीत बसतात. त्याच्या खांद्याला धरून चढतात, त्याचा हात धरून उतरतात. पण काठावरच्या त्याच्या खोपटात आजवर कुणी पाऊल घातलेलं नाही. खोपटात दोन खुर्च्या आहेत. दुसरी त्याने स्वतः केलीय, चांगल्या लाकडाची, आणि दर रविवारी तो ती पुसतो.

त्याच वस्तीत एक म्हातारा सुतार आहे. दूर कुठल्याशा देशातून आलेला, गोरा, पण तिथली भाषा येत नाही म्हणून त्याच्याशी कुणी बोलत नाही. तो रंध्याशी बोलतो. मला वाटलं, आता हे दोघं एकमेकांना भेटतील आणि गोष्ट मार्गी लागेल. म्हातारा खोपटाच्या दारापर्यंत येतोसुद्धा. आत ती खुर्ची बघतो, सुतार ना तो, तिचे सांधे लांबूनच न्याहाळतो. आणि परत जातो.

"का?" मी जवळजवळ ओरडलेच. "त्याला तर कोणीच नाहीये!"

काकूंनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. "त्याच्याजवळ एवढंच उरलंय ना," त्या म्हणाल्या. "आपल्या खाली कुणीतरी आहे, एवढंच."

सात समुद्रांपलीकडचा, देवासची टेकडी कधी न पाहिलेला, मराठीचं अक्षर न ऐकलेला एक माणूस आमच्या वसाहतीतली ओळ न्‌ ओळ लिहून गेला होता. हे त्याला कुणी सांगितलं? मला अजून याचं नवल सरत नाही. पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली, मराठीही चांगली वाचायला शिकले, पण त्या दुपारसारखं थक्क व्हायला झालं नाही. त्या दिवशी मी उठून स्वतःच माठातलं पाणी घेतलं आणि प्याले. काकू पुस्तकाचं पान शोधत राहिल्या, जणू काही झालंच नाही.

फेब्रुवारीत एकदा त्यांनी विचारलं, "आमची ताटली आहे का गं तुमच्याकडं?"

मी हो म्हणाले. त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. मुलीच्या लग्नात त्यांनी अशा पाच ताटल्या घेतल्या आणि नावं घालणाऱ्याच्या शेजारी दिवसभर बसून स्वतः नावं घालून घेतली, एक वेलांटी चुकू दिली नाही. गेल्या वर्षी ते वारले. "चार आहेत माझ्याजवळ. पाचवीची आठवण येती."

"मी उद्याच आणते," मी म्हणाले. "आई दुपारी सोती, तेव्हा काढते."

"तू नाही आणायची." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "चोरून आलेली मला नको. भरलेली नको, रिकामी चालंल. पण ज्या हातानं घेतली त्या हातानं आली पाहिजे."

आता आईच्या हातून ती फळीवरून खाली कशी उतरवायची, हा प्रश्न माझा झाला.

आईला महिन्याचे तीन दिवस कावळा शिवायचा. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वेगळं बसायला जागा ती कुठली, पण आईने धारची रीत सोडली नव्हती. मागच्या व्हरांड्यात गोणपाटावर बसायची. जेवण मी ताटात वाढून लांबून सरकवायचे. कुणाशी फार बोलायचं नाही, कशाला शिवायचं नाही. वसाहतीतल्या बायका मागच्या गल्लीतून जाताना 'बसलात का' एवढं विचारून पुढे जायच्या. ते तीन दिवस आई इतकी कंटाळायची की भिंतीवरच्या मुंग्यांना नावं ठेवायची. आणि गोष्टींची तर तिला लहानपणापासून भूक. म्हणून जानेवारीपासून, ती तशी बसली की मी दाराच्या उंबऱ्यावर बसून तिला होडीवाल्याची गोष्ट सांगायला लागले होते. कुणाकडून ऐकली ते सांगितलं नाही; तिला वाटलं, पोरीला कॉलेज मानवलं.

आई गोष्टीत बुडाली. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली की गोष्ट बंद, आणि मग महिनाभर तिची चुळबुळ. पोळ्या लाटता लाटता विचारायची, "तो सुतार पुन्हा येतो का गे?" मी म्हणायचे, "पुढच्या वेळेला." वखारीतल्या माणसांना ती अशा अस्सल शिव्या द्यायची, की ऐकत राहावं. "मेल्यांना होडीत बसताना चालतो आणि खुर्चीत नाही? माणसं की धोंडे!" हे बोलताना माझ्या पाठीमागे, दारातून आत, वरच्या फळीवर ती ताटली तिला दिसत असायची.

मार्चमध्ये मी तिला सुतार दारातून परत जातो तो भाग सांगितला. आई गोणपाटाचा दोरा उसवत राहिली. मग म्हणाली, "काय गे, त्याला चौथा दिवस नाहीच का?"

मला आधी कळलंच नाही.

"मी तीन दिवस बसते," आई म्हणाली, "पण मला ठाऊक असतं ना, की चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मी घरात. त्याला कधी?"

सातवी शिकलेली माझी आई. कुंजीच्या वीस पानांना जे जमलं नव्हतं ते तिने गोणपाटावर बसून एका वाक्यात सांगितलं होतं. मला तिचं कौतुक इतकं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी राग इतका आला की आवरेना. माझा स्वभाव हा असा, तिच्याचकडून आलेला.

"नाहीच," मी म्हणाले. "आणि काकूंना कधी, आई? त्यांना चौथा दिवस कधी? त्यांनीच सांगितलीय मला ही गोष्ट. तीन महिने जाते मी त्यांच्याकडे. पाणीसुद्धा पिते."

आईने एरवी एक ठेवून दिली असती, पण बसलेली होती, शिवता येत नव्हतं.

"पुढे काय होतं ते मी सांगणार नाही," मी उठत म्हणाले. "खुर्चीवर कोणी बसतं की नाही ते ताटली परत दिलीस की सांगेन."

आईने माझ्याशी चार दिवस अबोला धरला. पण एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली: तिने मला समोर जायची बंदी केली नाही. परीक्षा झाली. पेपरला मी होडीवाल्यावर पुरवणी जोडून लिहिलं, आणि चौथ्या दिवसाचं आईचं वाक्यही इंग्रजीत जमेल तसं घातलं. तपासणाऱ्याला काय समजलं असेल देव जाणे. पास झाले.

मेमध्ये कळलं की काकूंच्या यजमानांना पीथमपूरला नोकरी लागली. धार जिल्ह्यात तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते आणि जो तो तिकडे अर्ज करत होता. सामान न्यायला ट्रक तीन दिवसांनी येणार होता. मी हे आईला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ती बाहेर बसली. मी कपाळावर हात मारला. ट्रक यायचा तो तिच्या चौथ्या दिवशी सकाळी.

दुसऱ्या दिवशी आईने व्हरांड्यातून हाक मारली. "तांदूळ घे. हरभऱ्याची डाळ, उडदाची, मूगही थोडा. वेगवेगळं भाज, करपवू नकोस. धणे-जिरे घाल आणि दळून आण." ही चकलीची भाजणी होती. उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना आमच्या घरात चकली कधी झाली नव्हती.

चौथ्या दिवशी उजाडतानाच ती न्हायली आणि ओल्या केसांनी चुलीपुढे बसली. घाण्यामागून घाणा. मी सारखी खिडकीतून बघत होते. समोर ट्रक लागला. पलंग चढला, कपाट चढलं, कोठी चढली. "आई, अगं निघाले ते!" मी म्हणाले. ती म्हणाली, "कच्च्या काढू का? मऊ पडतील." शेवटी दोरखंड आवळायला लागले तेव्हा ती स्टुलावर चढली, ताटली काढली, धुतली, पुसली. मागचं नाव तिने या वेळी सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग चकल्या रचल्या, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग.

ट्रक जाताना बघायला चार-पाच बायका आपापल्या फाटकात उभ्या होत्या. शेजारच्या बाईही होत्या. आईने काकूंच्या हातात ताटली दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या दिवाळीत तुमच्या चकल्या खाल्ल्या होत्या मी. एक नाही, दोन. सगळ्यांना सांगितलं की तोंडात घातली नाही. खोटं बोलले."

फाटकातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकूंनी रुमाल उचलला, एक चकली तोडली. कट्‌ झालं नाही. त्या हसल्या. "मोहन कमी पडलं," त्या म्हणाल्या. "तेल कडकडीत करून घालत जा."

"तरीच," आई म्हणाली. मग एकदम, लहान मुलीसारखं, "आणि हो, त्या दुसऱ्या खुर्चीवर शेवटी कुणी बसतं का? ही कार्टी सांगत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आपली गोष्ट रस्ता ओलांडून कुठे जात होती ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्या वळून यजमानांना म्हणाल्या, "अहो, खुर्ची उतरवा."

त्यांनी दोरी सैल करून प्लास्टिकच्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची खाली काढली आणि अंगणात ठेवली. "आधी तुम्ही बसा," काकू आईला म्हणाल्या, "मग सांगते."

आई बसली. सगळ्यांसमोर, उन्हात, ओल्या केसांवरून पदर घेऊन.

"नाही बसत कुणी," काकूंनी सांगितलं. "हिवाळ्यात नदी गोठते. होडी लागत नाही, तसा तोही कुणाला लागत नाही. एक दिवस लाकडं संपतात, मग तो ती खुर्ची तोडतो आणि चुलीत घालतो."

"आणि मग?"

"मग संपतं."

आई खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवत राहिली. ट्रकवाला ओरडला, "चलो भिया, धूप चढ री है!" आई उठली नाही. म्हणाली, "थोडं पाणी द्या मला."

भांडी सगळी बांधलेली. सुरई तेवढी पुढे ड्रायव्हरपाशी होती आणि तिच्यावर एकच पेला, काकूंनी नुकताच पाणी पिऊन ठेवलेला. त्या तो विसळायला गेल्या. आई म्हणाली, "असू द्या. तसाच द्या." ती जन्मभर वरून पाणी पीत आली होती. त्या दिवशी तिने पेला ओठाला लावला आणि सगळं पाणी प्याली.

ट्रक गेला. काकू पुढे बसल्या होत्या, मांडीवर ताटली. बायका आत गेल्या. आई आणि मी रस्त्यातच उभ्या राहिलो.

"काय गे," ती म्हणाली, "ते पीथमपूर धारच्या वाटेवरच ना? दिवाळीला जाताना उतरता येईल."

खरं तर ते थोडं वाकड्या वाटेला पडतं. मी म्हणाले, "वाटेवरच आहे, आई."